ऋतिकाच्या पळण्याचा पोर्शन

१४ एप्रिल

उद्या कुणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा चुकायला नकोत, म्हणून ही डायरी. नीलाने विचारलं, "कुणाची मुलाखत?" म्हटलं, ऋतिकाची. "मग डायरी तिने लिहायला हवी ना?" बायको पोळ्या लाटत असताना तिच्याशी वाद घालू नये.

तर हकिकत अशी. आमची ऋतिका, वय तेरा, आता आठवीत जाईल. डिसेंबरात शाळांच्या जिल्हा स्पर्धेत सहाशे मीटरला पहिली आली. दुसरी आलेली मुलगी इतकी मागे होती, की मला वाटलं ती पुढच्या शर्यतीतली असावी. तिथे आसावरी मॅडम भेटल्या. त्या आमच्या डोंबिवलीतच मैदानावर मुलांना लांब पल्ल्याचं पळणं शिकवतात. म्हणाल्या, "हिचा दम लांबचा आहे. माझ्याकडे पाठवा. सहा वर्षं घाई करू नका, मग बघा."

सहा वर्षं! माझा गणिताचा क्लास आहे. "शाळा जूनमध्ये सुरू करते, आम्ही मेमध्ये संपवतो," ही आमची पाटी अख्ख्या डोंबिवली पूर्वेला पाठ आहे. मला कुणी सहा वर्षं थांबा म्हणणं म्हणजे हलवायाला गोड खाऊ नका म्हणण्यासारखं आहे. पण पाठवलं. बघू.

२० एप्रिल

आज मैदानावर जाऊन पाहिलं. धक्काच बसला. मुलं लंगडी घालत होती. लंगडी! मी मुलीला पहाटे उठवून, दूध पाजून, लंगडी घालायला पाठवतो आहे.

लंगडी संपल्यावर एकदाचं पळणं सुरू झालं, तर सगळी पोरं खुशाल गप्पा मारत पळत होती. ऋतिका कुठल्याशा सिनेमाची गोष्ट सांगत होती, हातवारे करून. मी मॅडमना म्हटलं, "मुलं बोलतायत." म्हणाल्या, "हो, तसा नियमच आहे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला, कमी करायचा." आमच्या क्लासात बोलणाऱ्याला मी बाहेर उभं करतो.

समीक्षा नावाची एक मोठी मुलगी आहे, सतरा वर्षांची. पार ठाण्याच्या कोपरीहून येते. एवढ्या लांबून येऊन तीही लंगडीच घालते. बिचारी कच्ची विद्यार्थिनी असणार. गाडी पुढे सरकत नसेल.

२३ एप्रिल

ठरलं. व्हेकेशन बॅच!

नेटवर अठरा वर्षांच्या धावपटूंचं वेळापत्रक मिळालं. तेरा ते अठराचा सगळा पोर्शन मे महिन्यात एकदा संपवून टाकायचा. जूनपासून रिव्हिजन. बाकीची मुलं लंगडीतून वर येईपर्यंत आमची तिसरी रिव्हिजन झालेली असेल. मॅडमना आत्ता सांगायचं नाही, सरप्राईज द्यायचं. मॅडमचं मैदान आठवड्यातून चारच दिवस असतं. उरलेले दिवस आमचे, ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर.

ऋतिकाला सांगितलं. तिने विचारलं, "बाबा, तू येणार बरोबर?" म्हटलं, येणार म्हणजे काय, स्कूटरवर मागेच असणार, शिट्टी घेऊन. "अच्छा, स्कूटरवर," म्हणाली. फार खूश दिसली नाही. वयच तसं आहे.

४ मे

बॅच जोरात. शिस्त अशी की बोलणं पूर्ण बंद. पहिल्या दिवशी ती मागे वळून काहीतरी सांगत होती, रस्त्यावरच्या कुठल्याशा मांजराचं. मी शिट्टी वाजवली. आता वळत नाही. गुणी पोर आहे.

नीलाला कळलंच. तिचं ऑफिस वागळे इस्टेटला, आठला निघते, पण नजर घारीची. म्हणाली, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग." मी म्हटलं, तुझं लक्ष तुझ्या ऑफिसात असू दे. म्हणाली, "बरं सर." नीला चिडली की मला सर म्हणते.

१९ मे

मॅडमनी फोन केला. ऋतिका दमलेली वाटते, घरी नीट झोपते ना? मी म्हटलं, मोबाईल फार बघतात हो हल्लीची मुलं. हे अर्धसत्य आहे. पण बघतेच की ती मोबाईल.

जरा टोचलं मनाला. पण दहावीला कुणी विचारतं का, कुठल्या रस्त्याने आलात म्हणून? मार्क बघतात.

२ जून

पोर्शन संपला! पेढे आणले. ऋतिकाने अर्धा खाल्ला.

९ जून

मुलीत चांगले बदल दिसतायत, ते नोंदवून ठेवतो. एक, तिच्या मोज्यांना हळदीचे डाग असतात. म्हणजे स्वयंपाकघरात लुडबुड सुरू झाली. बरं आहे, आईला मदत. दोन, बूट घालायला पायरीवर बराच वेळ बसते. पोरींना आवरायला वेळ लागणारच. तीन, जिना आडवा उतरते, एकेक पायरी, खेकड्यासारखी. ही नवीन फॅशन असावी. मी बोललो नाही. मी काही जुन्या वळणाचा बाप नाही.

२१ जून

विजय!

घोडबंदर रोडला एका टॉवरवाल्यांच्या वसाहतीने शर्यत ठेवली होती. दहा किलोमीटर, सर्वांना खुली. मॅडमचा दंडक आहे, सोळापर्यंत रस्त्यावरची शर्यत नाही. पण परीक्षा दिल्याशिवाय तयारी कळणार कशी? मी नाव घातलं. तेरा वर्षांची मुलगी, आणि बायकांत तिसरी आली! कप आमच्या मिक्सरपेक्षा उंच आहे. शेवटची रेघ ओलांडल्यावर ती रडायला लागली. आनंदाश्रू. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

येताना ट्रॅफिकमध्ये रिक्षा रखडली. घराशी पोचल्यावर तिला उतरताच येईना. पाय आखडला असणार. कप एका हातात आणि ती दुसऱ्या हातात, असा मी जिना चढलो. शेजारी बघत होते. छाती फुगली.

नीलाने दार उघडलं. कपाकडे बघितलंच नाही. ऋतिकाला खुर्चीत बसवून तिच्या पायाला नुसतं बोट लावलं, तर पोर ओरडली.

२३ जून

नडगीच्या हाडाला बारीक चीर आहे. डॉक्टरांनी फोटोत दाखवली. केसासारखी. दोन महिने पळणं बंद, उड्या बंद. "असं एका दिवसात होत नाही," डॉक्टर म्हणाले, "केव्हापासून दुखत होतं?" ऋतिका म्हणाली, "थोडे दिवस."

नीला आज दिवसभर माझ्याशी बोलली नाही. सर सुद्धा म्हटलं नाही.

२६ जून

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. व्हेकेशन बॅच, स्कूटर, शिट्टी, दहा किलोमीटर. ओरडतील अशी तयारी करून गेलो होतो. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढंच म्हणाल्या, "सर, पी हळद नि हो गोरी, असं नसतं. क्लास लावून हाड लवकर मोठं होत नाही." मग म्हणाल्या, "हुशार मूल समोर आलं की हात शिवशिवतात हो. माझेही शिवशिवतात. उद्याच पळवावी हिला, असं रोज वाटतं. ती लंगडी काय फक्त मुलांसाठी ठेवलीय? माझा हात आवरायला पण ठेवलीय."

समीक्षा तिथेच होती. तेरा वर्षांची असताना ही प्रत्येक शर्यतीत शेवटची यायची म्हणे. यंदा राज्यात पहिली आहे. मी कच्ची विद्यार्थिनी ओळखण्यात पटाईत समजतो स्वतःला. असो.

१५ जुलै

पाऊस. ऋतिका खिडकीशी बसून भूमितीची प्रमेयं सोडवते. न सांगता! एरवी मी नाचलो असतो.

५ सप्टेंबर

डॉक्टरांनी परवानगी दिली. चीर भरली, हळूहळू सुरू करा म्हणाले. मी येता येता तिचे बूट धुऊन, नाड्या बदलून ठेवायचं ठरवलं. ठेवलेही. तिने बघितले आणि म्हणाली, "मला नाही पळायचं."

म्हटलं, आजच नको, सोमवारपासून.

"नाही बाबा. आता कधीच नाही. ते पळणं तुझं आहे. तूच पळ."

रागाने नाही म्हणाली. भाजी नको म्हणावं तसं म्हणाली आणि पुस्तक उघडलं. राग असता तर मी समजूत घातली असती. क्लासात रडणाऱ्या, रुसणाऱ्या, वही फेकणाऱ्या, सगळ्या पोरांना मी पुन्हा बाकावर बसवलं आहे. पण शांतपणे नको म्हणणाऱ्याला काय सांगायचं, ते मला येत नाही.

माझ्यामुळे पोरीचं पळणं गेलं. आज हे स्वच्छ लिहितो. मेडल, कप, राज्य, देश, सगळं खड्ड्यात जाऊ दे. ती शाळेतून येताना कोपऱ्यापासून घरापर्यंत उगीचच पळत यायची, दप्तर पाठीवर आपटत. मला ते परत हवं आहे.

७ सप्टेंबर

मॅडमकडे गेलो. म्हटलं, तुम्ही तिला बोलवा, तुमचं ऐकेल. म्हणाल्या, "मी बोलावणार नाही. आपण दोघांनी मिळून तिला ओढल्यासारखं होईल. पण तुम्ही या."

"असिस्टंट म्हणून?" मी विचारलं. मुलांची हजेरी, वेळा, आलेख, हे मी उत्तम करू शकतो.

"नवीन विद्यार्थी म्हणून," त्या म्हणाल्या. "तिने सांगितलंय ना, तूच पळ. बरोबर सांगितलंय पोरीने."

१० सप्टेंबर

वय सत्तेचाळीस. पोट पुढे. माझी बॅच आठ-नऊ वर्षांच्या मुलांची. त्यातल्या एकीने मला विचारलं, "काका, तुम्ही नापास झालात का?"

नीलाने ऋतिकाला बरोबर धाडलं होतं, "हे पडले तर रिक्षा करून आण," असं सांगून. ती पायऱ्यांवर पुस्तक घेऊन बसली. मला लंगडी घालायला लावली. चार उड्यांत डावा पाय जमिनीवर. मग दोन फेऱ्या पळायचं, सोबत समीक्षा, गप्पा मारत. मला गप्पा सुचेनात. समीक्षा म्हणाली, "सर, काही नाही तर तेराचा पाढा म्हणा." गणिताच्या मास्तरला हे! सुरू केलं. तेरा चोक बावन्नपर्यंत ठीक होतं. पुढे नुसती हवा बाहेर येत होती. "हळू सर, हळू. श्वास घ्या आधी. पाढा कुठे पळून जात नाही."

पायऱ्यांवरून आवाज आला. ऋतिका हसत होती. पुस्तक खाली पडलेलं, पोट धरून हसत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा. माझ्यावर हसली, पण हसली! मी आणखी एक फेरी मारली असती, पण पाय ऐकेनात.

२४ सप्टेंबर

तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर. प्रगती आहे.

ऋतिका दर वेळी येते, न सांगता. पायऱ्यांवर बसून ओरडते, "बाबा, बोल! तोंड बंद म्हणजे जोरात पळतोयस!" शिट्टी मागितली माझी. दिली.

१ ऑक्टोबर

एक गंमत करायची आहे. मॅडम फारच सावकाश नेतात. माझं हाड काय वाढायचं राहिलंय? मैदान नसतं त्या दिवशी एकटाच नव्वद फुटी रस्त्यावर जातो. सगळा पाढा म्हणून दाखवून सगळ्यांना चकित करीन.

६ ऑक्टोबर

पोटरी सुजली आहे. कुणाला बोललो नाही. नीलाला कळलं तर "अति घाई, संकटात नेई" ही हायवेवरची पाटी मला दिवाळीपर्यंत ऐकवेल. नीला ऑफिसला गेल्यावर हळद गरम करून लेप लावला, वर मोजे चढवले आणि वर्तमानपत्र घेऊन बसलो.

ऋतिका शाळेतून आली. दारातच थांबली. म्हणाली, "बाबा, मोजे काढ."

"का?"

"काढ म्हणते ना."

काढले. पिवळी पोटरी बघून ती हसायला लागली. मीही हसायला लागलो. आणि हसता हसता माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "म्हणजे जूनमध्ये... तुझे मोजे..."

"मग काय! तुला काय वाटलं, मी भाजी शिकत होते?"

मला तेच वाटलं होतं. लिहूनही ठेवलं आहे.

विचारलं, सांगितलं का नाहीस गं? ती माझ्या पायाशी बसून लेप नीट पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू किती खूश होतास ना."

तिने दुसरा मोजा काढला आणि म्हणाली, "ह्या पायाला तर काहीच झालं नाहीये. ह्याला पण लावलंस?" म्हटलं, सुरुवातीला कुठला दुखतो ते कळत नव्हतं. "काय यार बाबा," म्हणाली, आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो. मी मध्येच तोंड धुवायला उठलो. पाण्याचा नळ बराच वेळ सोडून ठेवला.

रात्री तिने मॅडमना फोन करून माझी चुगली केली. मला दोन आठवडे सुट्टी मिळाली. तिच्या पळण्याबद्दल तिने काही विचारलं नाही, मीही काढलं नाही.

१९ ऑक्टोबर

नीला म्हणाली, "ह्यांच्या पायाला बरं नाही तर तू कशाला जातेस गं मैदानावर?" ऋतिका म्हणाली, "समीक्षादीदीशी बोलायला." मी काहीतरी म्हणणार होतो. नीलाने टेबलाखालून माझ्या चांगल्या पायावर पाय दिला.

८ नोव्हेंबर

आज रविवार. सहाला जाग आली तर ऋतिकाची खोली रिकामी, आणि दारातले बूट नाहीत.

मी उठलो. चप्पल घातली. स्कूटरची किल्ली घेतली. नुसतं लांबून बघणार होतो, कोपऱ्यावरून, तिला दिसणारही नाही अशा बेताने. नीला चहाचं आधण ठेवत होती. म्हणाली, "कुठे निघालात?" म्हटलं, दूध. "दूध आलंय." म्हटलं, मग पेपर. "तुमच्या काखेत आहे."

बसलो. चहा झाला. दुसरा झाला. नीला समोर मेथी निवडत होती, मलाही एक जुडी दिली. एरवी माझ्या हातात भाजी द्यायला ती धजत नाही. मी सगळी मुळं ठेवली आणि पानं टाकली, असं नंतर कळलं.

आठच्या सुमारास ती आली. लालबुंद, घामाने निथळत, गुडघ्यावर माती. मी पेपर तोंडासमोर धरला. किती पळालीस, कुठून कुठे, किती वेळात, पाय दुखतोय का, मॅडमना सांगितलंस का, हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. विचारलं नाही. आयुष्यात इतका अवघड पेपर मी सोडवलेला नाही.

ती पाणी प्यायली. माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुला बरं नाहीये का? एवढा गप्प का?"

"छे. बरा आहे."

"मग विचार ना काहीतरी."

बराच विचार केला. शेवटी म्हटलं, "मजा आली?"

झालं! ती धपकन खुर्चीत बसली आणि जी सुरू झाली ती थांबेचना. ठाकुर्लीच्या वळणावर एक पांढरं कुत्रं तिच्या मागे लागलं. ते भुंकत नव्हतं, नुसतं बरोबर पळत होतं, म्हणून ती थांबली, तर तेही थांबलं. ती निघाली, तेही निघालं. मग फुलवालीच्या टोपलीत त्याने तोंड घातलं. फुलवाली त्याला सोडून हिलाच ओरडली, "आवर तुझ्या कुत्र्याला!" ही सांगते माझं नाहीये, कुत्रं हिच्या पायाशी शेपूट हलवत बसलेलं. त्याला चुकवायला ही जोरात सुटली आणि चिखलात सपशेल आपटली. कुत्रं परत आलं आणि हिचा कान चाटला.

अर्धा तास सांगत होती. हातवारे करून, उठून, कुत्र्यासारखं चालून दाखवून. मी "मग?" म्हणत होतो, "मग गं?" म्हणत होतो. नीला मेथी विसरून ऐकत उभी होती. किती किलोमीटर झाले ते त्यात कुठेच आलं नाही.

"आणि शेवटी कुत्र्याचं काय झालं?" मी विचारलं.

"काय माहीत. तिथेच बसलेलं," ती बूट काढत म्हणाली. "उद्या बघते, आहे का."